‘बर्न ब्रिजेस’ लिहायचं, पण कुणाला?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही राहता कळव्याला, ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं झाली, आता दुसरीकडची ऑफर हातात आहे. तोंडी सांगायला गेलात तेव्हा मॅनेजर एवढंच म्हणाले, “डोन्ट बर्न युअर ब्रिजेस,” शब्दशः, आपले पूल जाळू नकोस. ते वाक्य तुमच्या डोक्यात बसलं आणि राजीनाम्याच्या मेलमध्ये तुम्ही लिहिलंत, “आय डू नॉट वॉन्ट टू बर्न द ब्रिज बिटवीन मी अँड द कंपनी, सो आय विल सर्व्ह माय फुल नोटिस पिरियड.” पाठवण्यापूर्वी मेल तिघांना दाखवलात. एक मित्र म्हणाला, पूल नाही, होड्या जाळतात. दुसरा म्हणाला, फक्त तो ‘द’ काढ. बहीण म्हणाली, त्यापेक्षा ‘आय डोन्ट वॉन्ट टू एलिअनेट द मॅनेजमेंट’ लिही, भारदस्त वाटतं. आता तिघांपैकी बरोबर कोण, असं तुमचं विचारणं आहे.

होडीवाला मित्र चुकीचा नाही, ‘द’वाला बऱ्यापैकी बरोबर आहे, आणि ताईंचं वाक्य व्याकरणाला धरून आहे. तरी माझं मत असं, की तिघांचीही वाक्यं त्या मेलमध्ये जाऊ नयेत. कारण सांगायला जरा वेळ घेते. एका मेलपुरतं उत्तर हवं असेल तर शेवटी मसुदा दिलाय, तिकडे थेट जा.

मी १९९४ साली ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात पत्रव्यवहार बघायला लागले. साहेब मराठीत चिडायचे, आणि ती चीड मी इंग्रजीत सभ्य करून टाइप करायची, हे माझं काम. पुढे तेच काम शिकवायला लागले. नौपाड्यातल्या आमच्या बैठकीच्या खोलीत आजवर किती राजीनामे, माफीनामे, वसुलीची स्मरणपत्रं दुरुस्त झाली त्याची मोजदाद नाही. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. इंग्रजी वाक्प्रचारात लोक शब्दाला अडखळतात असं वाटतं, पण खरा घोटाळा पत्त्याचा असतो. वाक्य बरोबर, पण ते भलत्याच माणसाला लिहिलेलं.

आता मूळ चित्र बघू. फौज नदी ओलांडते, पलीकडे पोचते, आणि मागचा लाकडी पूल पेटवून देते. शत्रूला पाठलाग करता येत नाही, पण आपल्यालाही मागे फिरता येत नाही. यातलं दुसरं महत्त्वाचं. पूल जाळणारा स्वतःची परतीची वाट जाळतो, म्हणून इंग्रजीत बहुतेक वेळा ‘बर्न वन्स ब्रिजेस’ असं असतं, म्हणजे ज्याचे त्याचे पूल. ‘माय’, ‘युअर’, ‘हिज’ हे शब्द तिथे उगाच बसलेले नाहीत.

(आपल्या भागातले पूल जळत नाहीत, थकतात. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा, तो थकला म्हणून शेजारी १९९७ साली दुसरा उभा राहिला. पहिला पूल होण्याआधी मुंबईहून पनवेलला रस्त्याने जायचं तर ठाणे, कळवा, मुंब्रा, शीळफाटा असा वळसा पडायचा. एक पूल नसला की माणसाला किती फिरून जावं लागतं, हे कळवेकराला मी वेगळं काय सांगणार?)

होड्यांचं म्हणाल तर ‘बर्न वन्स बोट्स’ हाही चांगला रुळलेला प्रयोग आहे, विशेषतः ब्रिटिश इंग्रजीत. त्याच्यामागे लोक हमखास कोर्टेसची गोष्ट सांगतात. १५१९ साली हा स्पॅनिश सरदार मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला आणि सैनिकांनी माघारी पळू नये म्हणून त्याने आपली जहाजं जाळली, अशी ती गोष्ट. प्रत्यक्षात त्याने ती जाळली नव्हती, किनाऱ्याला लावून निकामी केली होती. पण ‘जाळली’ म्हटलं की गोष्ट रंगते. तुमच्या मित्राला एवढंच सांगा, की होड्या परतीची वाट बंद करण्यापुरत्या. माणसांशी संबंध बिघडवले, हा अर्थ होड्यांना फारसा चिकटला नाही, तो पुलांनाच चिकटला. राजीनाम्याच्या मेलमध्ये तुमच्या मनात होता तो संबंधांचा अर्थ, म्हणून या जागी पूलच बरोबर.

म्हणजे एकाच वाक्प्रचारात दोन अर्थ आहेत, आणि आपल्या माणसांचा गोंधळ होतो तो नेमका इथे. गंमत अशी की मराठीत या दोन अर्थांना दोन स्वतंत्र वाक्प्रचार आहेत, आणि दोन्ही तुम्ही लहानपणापासून वापरताय.

पहिला, दोर कापणे. ४ फेब्रुवारी १६७० ची कोंढाण्याची रात्र. तानाजी पडल्यावर मावळे कड्याकडे पळायला लागले, तेव्हा सूर्याजीने दोर कापून टाकले आणि आता लढा नाहीतर कड्यावरून उड्या घ्या असं सुनावलं, ही कथा आपल्याला शाळेपासून पाठ आहे. ‘परतीचे दोर कापले’ म्हणताना आपल्या आवाजात कौतुक असतं. नोकरी सोडून, पीएफ काढून, घोडबंदरला पोळी-भाजी केंद्र टाकलेल्या माणसाबद्दल आपण असं बोलतो. सूर्याजीने कुणाशी भांडण केलं नाही, कुणाचं मन दुखावलं नाही, फक्त माघार बंद केली.

दुसरा, माणसं तोडणे. “इतकं ताणू नकोस, माणसं तुटतात.” “त्याने आयुष्यभर माणसं तोडली.” इथे कौतुक औषधालाही नाही. याच्या उलट माणसं जोडणे. एखाद्याच्या शोकसभेत ‘त्यांनी माणसं जोडली’ याच्यापेक्षा मोठं कोणी बोलत नाही.

इंग्रजीत ‘बर्न ब्रिजेस’ या दोन्हींची कामं करतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच कसोटी देते. तुमचं वाक्य आधी मराठीत मनात म्हणा. तिथे ‘दोर कापले’ बसतं की ‘माणसं तोडली’ बसतं? दोर कापले असतील तर इंग्रजीत पुढे ‘विथ’ येत नाही. “ही सोल्ड द शॉप अँड बर्न्ड हिज ब्रिजेस.” दुकान विकलं, आता मागे फिरणं नाही. माणसं तोडली असतील तर कोणाशी, ते ‘विथ’ लावून सांगा. “ही बर्न्ड हिज ब्रिजेस विथ द डीलर्स.” डीलर लोकांशी कायमचं बिनसलं. ‘विथ’ दिसला की वाचणारा संबंधांकडे वळतो. ‘विथ’ नसला तर आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरतं, आणि ती वाक्यं नीट नसली तर वाचणारा लटकतो. शंका असली की ‘विथ’ लावा.

तुम्ही ‘बिटवीन मी अँड द कंपनी’ लिहिलंत ते मराठीतून आलंय. ‘माझ्या आणि कंपनीच्या मधला पूल.’ मराठीत चित्र सुंदर दिसतं. इंग्रजीत मात्र ‘बिटवीन’ आणि त्यात ‘द ब्रिज’ आलं की वाचणाऱ्याला क्षणभर खराखुरा पूल दिसतो, ऐरोलीचा, टोलनाक्यासकट. ‘द’ लावला म्हणजे कुठला तरी ठरावीक, दोघांना माहीत असलेला पूल झाला. वाक्प्रचारात पूल अनेकवचनी आणि मोघम असतात. ‘बर्न ब्रिजेस’ चालतं, ‘बर्न माय ब्रिजेस’ चालतं, ‘विदाउट बर्निंग एनी ब्रिजेस’ तर फार छान चालतं. अमेरिकन माणसं एकवचनात ‘बर्न अ ब्रिज’ही म्हणतात, एका विशिष्ट माणसाशी फाटलं असेल तेव्हा. पण ‘द’ नको. तुमचा दुसरा मित्र इथवर बरोबर, पण नुसता ‘द’ काढून भागणार नाही, ‘बिटवीन’चंही काहीतरी करायला हवं.

भूतकाळी रूप ‘बर्न्ड’ की ‘बर्न्ट’, हे विचारणारेही बरेच भेटतात. दोन्ही चालतात. ब्रिटिश वळणात ‘बर्न्ट’ जास्त दिसतं, अमेरिकन क्लायंट असेल तर ‘बर्न्ड’ ठेवा आणि एका पत्रात दोन्ही लिहू नका, एवढं पुरे.

आता मुद्द्यावर येते. पूल स्वतःचा असतो, परतीची वाट स्वतःची असते, हे एकदा डोळ्यांसमोर आलं की तुमच्या वाक्यात काय खुपतं ते दिसेल. ‘आय डू नॉट वॉन्ट टू बर्न ब्रिजेस’ हे वाक्य ज्याच्याशी संबंध आहेत त्यालाच लिहिलं, तर त्याचा अर्थ होतो, ‘पुढेमागे मला तुमची गरज लागू शकते, म्हणून आत्ता नीट वागतोय.’ कंपनीबद्दलचा आदर त्यात कुठेच नाही, तुमची सोय मात्र आहे. शिवाय दुसरी एक छटा लपलेली असते, ती जास्त वाईट. ‘जाळायची इच्छा नाही’ म्हणणाऱ्याच्या हातात काडेपेटी आहे, हे समोरच्याला आपसूक कळतं. घरी आलेला पाहुणा उठताना म्हणाला, “मला काही तुमच्याशी भांडायचं नाही हं,” तर तुम्हाला बरं वाटेल, की हा मनात काय घेऊन आला होता असा विचार पडेल?

याचा चटका मी स्वतः खाल्लाय, त्याच रसायनांच्या कारखान्यात. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाकडे मालाचे पैसे साठ दिवस अडकले होते. आमचे साहेब तापलेले. मराठीत त्यांनी जे सांगितलं ते असं होतं, “लिही, की बाबांनो, संबंध बिघडवायचे नाहीत आम्हाला, पण आता पैसे पाठवा.” यातला ‘बाबांनो’ महत्त्वाचा होता, आणि तो मला काही इंग्रजीत आणता येईना. मी तेव्हा नवी, वाक्प्रचारांची हौस दांडगी. टाइप केलं, “वी डू नॉट विश टू बर्न ब्रिजेस, बट द पेमेंट इज नाऊ सिक्स्टी डेज ओव्हरड्यू.” साहेबांनी वाचलं, मान डोलावली, फॅक्स गेला.

दोन दिवसांनी उत्तर आलं. तीन ओळी. बँकेचा तपशील पुन्हा पाठवा, पैसे या आठवड्यात निघतील, आणि यापुढचा पत्रव्यवहार आमच्या खरेदी विभागामार्फत व्हावा. त्याआधीची पत्रं त्यांच्या भागीदाराच्या नावाने यायची, शेवटी कुटुंबाची विचारपूस असायची. तो फॅक्सचा चिकट कागद हातात धरून साहेब बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “पैसे आले खरे, पण माणूस गेला.” मला चूक कळायला आणखी काही वर्षं लागली. ‘बट’च्या आधी पूल जाळण्याचा शब्द आला की ‘बट’नंतरचं सगळं धमकीसारखं वाचलं जातं. ‘आम्हाला पूल जाळायचे नाहीत, पण’ म्हणजे पैसे नाही आले तर जाळू. मराठीतल्या ‘बाबांनो’मध्ये जी ऊब होती तिच्या जागी मी काडेपेटी ठेवून बसले होते.

त्या जागी काय लिहायला हवं होतं? सरळ मजकूर. ‘तुमच्याशी इतकी वर्षं व्यवहार आहे, त्याचं आम्हाला मोल आहे. बिल अमुक तारखेचं, आता साठ दिवस झाले. या आठवड्यात पैसे पाठवता येतील का?’ एवढंच. इंग्रजीत ‘वी व्हॅल्यू’ने सुरू होणारं वाक्य गुळगुळीत झालंय हे खरं, पण गुळगुळीत दगड निदान लागत तरी नाही.

मग हा वाक्प्रचार वापरायचा कुठे? तिसऱ्याबद्दल आणि तिसऱ्याला. म्हणजे पुलाच्या पलीकडच्या काठावर उभा असलेला माणूस सोडून बाकी कुणालाही. तुम्ही मित्राला लिहा, “आय मॅनेज्ड टू लीव्ह विदाउट बर्निंग एनी ब्रिजेस.” उत्तम. धाकट्या भावाला सल्ला द्या, “डोन्ट बर्न युअर ब्रिजेस विथ युअर ओल्ड टीम.” बरोबर. एखाद्या लेखात लिहा, की अमुक पुढाऱ्याने पक्ष सोडताना सगळे पूल जाळले. अगदी चपखल. स्वतःबद्दल भूतकाळात, पश्चात्तापानेही चालतं, “आय बर्न्ड ए लॉट ऑफ ब्रिजेस इन माय ट्वेंटीज.” फक्त ज्याच्याशी संबंध टिकवायचे आहेत त्याच्या तोंडावर नको. मराठीतही आपण बॉसला लिहीत नाही ना, की ‘मला माणसं तोडायची नाहीत म्हणून आपणांस कळवतो’?

ताईंच्या ‘एलिअनेट’कडे येते. हा शब्द मला आवडतो, कारण त्याचं मूळ थेट आपल्या भाषेला भेटतं. लॅटिनमधल्या ‘एलिएनुस’चा अर्थ दुसऱ्याचा, परका. एलिअनेट करणं म्हणजे परकं करणं. आता परकं कोण होऊ शकतं? जो आधी आपला होता तो. मतदार, वाचक, गिऱ्हाइकं, जुने सहकारी, घरातली माणसं. रस्त्यात ज्याच्याशी पहिल्यांदाच वाजलं त्याला तुम्ही ‘एलिअनेट’ केलं असं म्हणत नाहीत, त्याच्याशी भांडण झालं म्हणतात.

‘बर्न ब्रिजेस’ आणि ‘एलिअनेट’ यांच्यात एक नेमका फरक आहे, तो लिहिताना फार उपयोगी पडतो. पूल जाळायला माणूस लागतो. ‘हिज टोन बर्न्ड ब्रिजेस’ वाचताना अडखळायला होतं. परकं मात्र कशानेही करता येतं. “हिज टोन एलिअनेटेड द स्टाफ.” “द न्यू पार्किंग रूल एलिअनेटेड हाफ द सोसायटी.” सूर, नियम, निर्णय, एखादी जाहिरात, काहीही कर्ता होऊ शकतं. आणि बहुधा ते नकळत घडतं, हळूहळू. पूल एका रात्रीत जळतो, माणसं परकी व्हायला वर्षं लागतात आणि कोणत्या दिवशी झाली ते सांगता येत नाही. सोसायटीच्या सभेला आधी चाळीस डोकी यायची, मग पंचवीस, मग कोरमसाठी वॉचमनला वर पाठवून दारं वाजवावी लागतात. हे एलिअनेट.

व्याकरणात दोनच जागा सांभाळायच्या. ‘एलिअनेट’नंतर माणूस थेट येतो, मध्ये ‘विथ’, ‘टू’ काही नाही. ‘ही एलिअनेटेड विथ हिज टीम’ असं बऱ्याच मेलमध्ये बघते, ते चूक. आणि ज्याला परकं वाटतं त्याच्यासाठी ‘फ्रॉम’, “शी फेल्ट एलिअनेटेड फ्रॉम हर टीम.”

आणखी एक अर्थ आहे, तो नवी मुंबईकरांना माहीत असलेला बरा. नेरूळचे एक निवृत्त गृहस्थ एकदा भाडेपट्ट्याचा कागद घेऊन माझ्याकडे आले. तिकडची बरीच जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली, त्यामुळे असे कागद घराघरात. त्यांनी एका ओळीवर पेन्सिलीने गोल केला होता. पट्टेदाराने पूर्वपरवानगीशिवाय ‘एलिअनेट’ करू नये. काका म्हणाले, “मॅडम, आपण कुणाचं मन दुखवायचं नाही हे ठीक, पण यांनी ते करारात कशाला घातलंय? आणि मन दुखवायला परवानगी कुणाची काढायची?” मी हसले, पण त्यांची शंका रास्तच होती. कायद्याच्या भाषेत ‘एलिअनेट’ म्हणजे मालमत्ता किंवा तिच्यातला हक्क दुसऱ्याच्या नावे करणं, आपल्याकडच्या कागदात ‘हस्तांतरण’ म्हणतात ते. खोलात गेलं तर अर्थ तोच, आपलं होतं ते परक्याचं केलं. फ्लॅट परका झाला काय आणि माणूस परका झाला काय.

तर ताईंचं ‘आय डोन्ट वॉन्ट टू एलिअनेट द मॅनेजमेंट’. शब्द जागेवर, व्याकरण ठीक, पण दोष तोच, आणि वर थोडा जास्त. एकट्या माणसाने अख्ख्या व्यवस्थापनाला परकं करण्याची भाषा करणं म्हणजे आपलं वजन जरा जास्तच धरणं झालं. निवडणुकीतल्या उमेदवाराने मतदारांबद्दल हे म्हणावं, ते त्याला शोभतं.

‘रब समवन द राँग वे’ तुम्ही विचारलेलं नाही, पण या कुटुंबात तो धाकटा भाऊ आहे म्हणून उल्लेख करते. मांजराच्या अंगावरून उलट दिशेने हात फिरवला की ते फिस्कारतं, तेवढंच. ब्रिटिश लोक मध्ये एक ‘अप’ घालतात, ‘रब समवन अप द राँग वे’. यात संबंध तुटत नाहीत, माणूस नुसता खटकतो, कारण सांगता येत नाही पण पटत नाही. नवा टीम लीड तुम्हाला ‘रब्स मी द राँग वे’ वाटू शकतो. त्याच्यापायी पूल जाळायची गरज नाही.

तुमच्या मेलच्या शेवटी आणखी एक ओळ आहे, तिच्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला ती जास्त काळजीची वाटली. “वॉटएव्हर हॅपन्ड ड्युरिंग द लास्ट अप्रेझल इज वॉटर अंडर द ब्रिज.” पूल आला म्हणून दुसरा पूलही आला, असं झालंय. मराठीत आपण ‘पुलाखालून बरंच पाणी गेलं’ म्हणतो, म्हणजे काळ लोटला, परिस्थिती बदलली. त्यात कुणाला माफ केल्याचा भाव नाही. इंग्रजीतल्या ‘वॉटर अंडर द ब्रिज’मध्ये तो असतो. झालं ते झालं, मी ते मनातून काढून टाकलंय. म्हणजे राजीनाम्याच्या मेलमध्ये तुम्ही मॅनेजरना सांगताय, की अप्रेझलला तुम्ही माझ्यावर अन्याय केलात, आणि मी मोठ्या मनाने तुम्हाला माफ केलं. तो मेल एचआरकडे फाइलला लागणार आहे. काढाच ती ओळ. मराठी अर्थ हवा असेल तर इंग्रजीत ‘अ लॉट ऑफ वॉटर हॅज फ्लोड अंडर द ब्रिज’ असं लांबलचक वाक्य आहे, पण तेही इथे नको. (‘वी विल क्रॉस दॅट ब्रिज व्हेन वी कम टू इट’ हे आणखी तिसरंच, पुढचं पुढे बघू या अर्थाचं. हा पूल आणि जाळायचा पूल यांची सरमिसळ करून ‘वी विल बर्न दॅट ब्रिज व्हेन वी कम टू इट’ असं इंग्रज गमतीने म्हणतात. आमच्या शिकवणीत एकाने ते गंभीरपणे लिहून आणलं होतं.)

राहिले मॅनेजर. त्यांनी तुम्हाला जे तोंडावर ऐकवलं ते धमकी होतं का, हे तुम्ही स्पष्ट विचारलं नाहीत, पण प्रश्नात ते डोकावतंय. ‘डोन्ट बर्न युअर ब्रिजेस’ हा सल्ला म्हणून जुना आणि सरळ आहे. पण सल्ला देणाराच पलीकडच्या काठावर उभा असेल तर त्याला धार येते, माझ्या फॅक्ससारखी. हातातला रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची येऊ घातलेली आवृत्ती, अर्धवट टाकून जाऊ नकोस, असं त्यांना म्हणायचं असावं. आणि त्यांच्या हातात काही गोष्टी असतात हेही खरं. रिलीव्हिंग लेटर वेळेवर निघणं, फुल अँड फायनलचा हिशेब, पुढे कधी या कंपनीत परत यायचं म्हटलं तर रेकॉर्डवर ‘पुन्हा घेण्यास योग्य’ अशी नोंद असणं, नव्या कंपनीने चौकशी केली तर दोन शब्द बरे बोलणं. या सगळ्यासाठी मेलमध्ये पुलाचा उल्लेख लागत नाही. उलट त्यांचंच वाक्य त्यांना लेखी परत पाठवलंत, तर ‘तुम्ही मला काय म्हणालात ते माझ्या लक्षात आहे’ असा अर्थ निघेल, आणि तो फाइलला लागेल.

मेल एवढाच ठेवा. पहिली ओळ, “आय ॲम रिझायनिंग फ्रॉम माय पोझिशन.” दुसरी, “ॲज पर माय नोटिस पिरियड, माय लास्ट वर्किंग डे विल बी”, आणि पुढे तारीख. ती कराराचा कागद समोर ठेवून मोजा, अंदाजाने नको. तिसऱ्या ओळीत काय काय पूर्ण करून जाणार ते नावानिशी लिहा, “आय विल कम्प्लीट द करंट रिलीज अँड हँड ओव्हर द ओपन टिकेट्स बिफोर दॅट डेट.” ही ओळ म्हणजेच तुमचा पूल आहे, फक्त तिच्यात पूल हा शब्द नाही. चौथ्या ओळीत आभार, पण ठोस. ‘थँक यू फॉर द ऑपॉर्च्युनिटी’ सगळेच लिहितात. चार वर्षांत त्यांनी खरंच काही शिकवलं असेल, पहिल्या वर्षी क्लायंटसमोर तुमची बाजू घेतली असेल, तर ते एका वाक्यात लिहा. नसेल, तर नुसतं ‘थँक यू’. खोटं कौतुक वाचणाऱ्याला पहिल्या फटक्यात कळतं. अप्रेझलबद्दल काही सांगायचंच असेल तर एक्झिट इंटरव्ह्यूत सांगा, तोंडी, मेलमध्ये नाही. मेल ऑफिसच्या आयडीवरून पाठवा, आणि पोच आली की ती प्रिंट काढून घरी ठेवा, कारण शेवटच्या दिवशी आयडी बंद होतो आणि मग तारखेवरून वाद झाला तर हातात काही राहत नाही.

तुम्ही लिहिलंय, मॅनेजरही ठाण्याहूनच ट्रान्स-हार्बरने येतात आणि आता फलाटावर समोरासमोर आलं की अवघडल्यासारखं होतं. मेल गेल्यावर आठवडाभर तरी हे होणारच. दुसऱ्या डब्याकडे वळू नका. जवळ जा आणि विचारा, “सर, कालचं टेस्टिंग पास झालं का?”